कावळ्याच्या दोन, मोराच्या तीन

कावळा एकदा ओरडला की किती वेळ जातो? ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या छोट्याशा संस्कृत ग्रंथात याचं उत्तर दिलेलं आहे: दोन मात्रा. चाष, म्हणजे आपला नीलकंठ पक्षी, एक मात्रा बोलतो. मोराची केका तीन मात्रांची. आणि मुंगूस, ज्याचा आवाज ऐकायला कुणी मुद्दाम थांबत नाही, ते अर्ध्या मात्रेत आटपतं.

ही यादी गमतीची वाटली तरी तिच्यामागची गरज खरी होती. घड्याळ नाही, सेकंद नाही, आणि विद्यार्थ्याला ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या लांबीतला फरक पटवून द्यायचा आहे. मग आश्रमाच्या कुंपणापलीकडे जे रोज कानावर पडतं, त्याचंच माप केलं. पाणिनीनं ‘अष्टाध्यायी’त हीच गोष्ट उ, ऊ आणि आणखी लांबवलेला ऊ अशा तीन उकारांनी सांगितली आहे. त्यानं उकारच का निवडला, याचं परंपरेनं दिलेलं कारण म्हणजे कोंबड्याची बांग. ती नीट ऐकली तर उकार क्रमाक्रमानं लांबत जातो. तीन मात्रांचा प्लुत मराठीत वेगळं अक्षर म्हणून शिकवत नाहीत, पण बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला ‘ए गणपाऽऽ’ अशी हाळी घालणारा प्रत्येक जण तो वापरतो. दुरून हाक मारताना प्लुत करावा, असं पाणिनीचं सूत्रच आहे.

व्यंजनाला या हिशेबात अर्धी मात्रा मिळते. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणांना मुलगा झाल्याइतका आनंद होतो, ही संस्कृत पंडितांमधली जुनी कोटी याच अर्ध्या मात्रेवर बेतलेली आहे.

मात्रा हा शब्द ‘मा’ या धातूतून आला. मा म्हणजे मोजणं. त्याला जोडलेला ‘त्र’ हा प्रत्यय साधन दाखवतो. ज्यानं पितात ते पात्र, जे नेतं ते नेत्र, ज्यानं कापतात ते शस्त्र. तशी जिनं मोजतात ती मात्रा. या धातूचं कुटुंब एवढं मोठं आहे की मराठी माणूस दिवसभरात त्यातल्या कुणाला ना कुणाला भेटतोच. मान, माप, प्रमाण, परिमाण ही त्यातली उघड नावं. अनुमान म्हणजे एका गोष्टीच्या मागून जाऊन दुसरीचं माप घेणं. उपमा म्हणजे एक वस्तू दुसरीच्या जवळ ठेवून मोजणं. प्रतिमा आणि निर्माण हेही याच घरातले. धान्य मोजायचं अर्ध्या शेराचं मापटंही इथलंच, आणि उंबऱ्यावर ठेवलेलं, नव्या नवरीनं पायानं लवंडायचं तांदळाचं मापही. चंद्र काळ मोजतो म्हणून त्याच्या नावाशी मास जोडला गेला, आणि मासातून मासिक. पंचांगातली आणि जुन्या पत्रांच्या माथ्यावरची ‘मिती’ हीदेखील याच धातूची. तीच भूमितीत आणि त्रिकोणमितीत आहे. ‘जॉमेट्री’ या शब्दातला पहिला तुकडा ग्रीकमध्ये पृथ्वीसाठी आहे आणि दुसरा मोजण्यासाठी. म्हणजे भूमिती आणि जॉमेट्री हे शब्द तुकड्याला तुकडा जुळतात, आणि ग्रीक ‘मेत्रोन’ व संस्कृत ‘मात्रा’ हे दूरचे नातलग मानले जातात. आपल्या फूटपट्टीवरच्या सेंटिमीटरमधलं मीटर त्या मेत्रोनचं फ्रेंच रूप आहे.

चरकसंहितेच्या तिसऱ्या भागाचं नाव ‘विमानस्थान’ आहे. त्यात विमानं शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल. तिथं विमान म्हणजे विशेष प्रकारे केलेलं मापन: रोगाचं, रसाचं, दोषांचं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात मात्रांच्या स्पर्शामुळे शीत-उष्ण आणि सुख-दुःख जाणवतं असं सांगितलं आहे. या मात्रा कोणत्या? शंकराचार्यांनी भाष्यात धातूचा अर्थ धरून उत्तर दिलं, की ज्यांच्या योगे शब्द वगैरे विषय मोजले जातात ती कान आदी इंद्रियं. डोळा, कान, त्वचा ही सगळी मापंच, असं म्हणणाऱ्या या अर्थाची झेप मोठी आहे. पुढे भाषेच्या रोजच्या व्यवहारात तो टिकला नाही, हे मात्र खरं.

आत्ताच्या वाक्यात आलेला ‘मात्र’ हाही तोच शब्द, शेवटचा काना टाकलेला. त्याचं वागणं जरा चमत्कारिक आहे. ‘नाममात्र भाडं’ म्हणजे नावापुरतं, जवळजवळ नाहीच. ‘तिळमात्र शंका’ म्हणजे तिळाएवढी. इथं मात्र म्हणजे फक्त. पण ‘प्राणिमात्रांवर दया’ म्हणताना एकही प्राणी सुटत नाही. तिथं मात्र म्हणजे सगळे. ‘फक्त’ आणि ‘सगळे’ हे दोन टोकांचे अर्थ एका शब्दात राहिले कसे? मोजण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणली की कोडं सुटतं. माप काठोकाठ भरलं की त्यात जेवढं मावतं तेवढं सगळं आलं, आणि तेवढंच आलं. काठाच्या आतून पाहणारा सगळे म्हणतो, बाहेरून पाहणारा फक्त म्हणतो. सांख्यांनी पंचमहाभूतांच्या मागे असलेल्या सूक्ष्म तत्त्वांना तन्मात्र म्हटलं, म्हणजे ‘तेवढंच’, तेही याच अर्थानं. मराठीनं पुढे आणखी एक पाऊल टाकलं. ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ या वाक्यात मात्रला मोजायला काही उरलेलंच नाही. तो नुसता एका माणसाला बाकीच्यांपासून वेगळा काढतो.

कवितेत मात्रेचा हिशेब साधा आहे. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ऱ्हस्वही गुरू होतं. म्हणून ‘कमळ’ची तीन अक्षरं आणि तीन मात्रा, ‘राजा’ची दोन अक्षरं पण चार मात्रा, आणि ‘सत्य’च्या मात्रा तीन. अभंगात आणि ओवीत अक्षरं मोजतात. श्लोकांच्या वृत्तांत कुठल्या जागी लघू आणि कुठल्या जागी गुरू हे ठरलेलं असतं. मात्रावृत्तात कवीला मोकळीक असते: एकूण भरली म्हणजे झालं, सुटे पैसे कसे द्यायचे ते त्याचं त्यानं ठरवावं. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’त पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे वर्ग पाडले, त्यात मात्रांवर चालणाऱ्या रचना जातींत गेल्या. मात्रांवर चालणाऱ्या मराठीतल्या सर्वांत प्रसिद्ध रचना मोरोपंतांच्या. बारामतीचे हे कवी स्वतःला मयूर म्हणवत, आणि आपल्या एका काव्याला त्यांनी ‘केकावली’ असं मोराच्या आवाजाचं नाव दिलं. मोराच्या तीन मात्रा त्यांच्या मनात होत्या की नाही, कोण जाणे. त्यांच्या आर्या म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्या शास्त्रानं बहुतेक गीती आहेत. आर्येच्या पहिल्या अर्धात तीस मात्रा आणि दुसऱ्यात सत्तावीस. गीतीत दोन्हीकडे तीस-तीस. तीन मात्रांचा हा फरक लोकांनी मनावर घेतला नाही, आर्या हेच नाव चाललं.

या सुट्या पैशांतून गणितातला एक मोठा शोध लागला. प्रश्न असा: चार मात्रा भरायच्या आहेत, तर लघू-गुरूंची मांडणी किती प्रकारांनी होईल? ‘गडबड’ हा शब्द चारही लघूंचा. ‘वादळ’मध्ये गुरू आधी, ‘विचार’मध्ये मधे, ‘कविता’मध्ये शेवटी. ‘गाणी’त दोन्ही गुरू. झाले पाच प्रकार, सहावा सापडत नाही. तीन मात्रांचे प्रकार तीन, दोनचे दोन, एकाचा एकच. पाच मात्रांचे आठ होतात, सहांचे तेरा. १, २, ३, ५, ८, १३ अशी ही रांग आहे आणि तिच्यातला प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज आहे. कारण सोपं आहे. ओळीचं शेवटचं अक्षर एक तर लघू असेल किंवा गुरू. लघू असेल तर त्याच्याआधीची ओळ एका मात्रेनं लहान, गुरू असेल तर दोन मात्रांनी. त्या दोन लहान ओळींचे जेवढे प्रकार, त्यांची बेरीज म्हणजे या ओळीचे प्रकार. विरहांक या छंदशास्त्रकारानं ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात हा नियम दिला. त्याचा काळ सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. ११५०च्या सुमारास गुजरातेत हेमचंद्र या जैन आचार्यानं तो पुन्हा स्पष्ट मांडला. जग या आकड्यांना फिबोनाची संख्या म्हणतं. पिसा शहरातल्या फिबोनाचीनं १२०२ साली आपल्या पुस्तकात सशांच्या जोड्या मोजताना ही रांग लिहिली. सशांचं उदाहरण शाळेत सगळ्यांना सांगतात. ‘गडबड, वादळ, विचार, कविता, गाणी’ हे मराठी शाळेत सांगायला हरकत नसावी. समजायलाही ते सोपं आहे, आणि ससे मरत कसे नाहीत असा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

संगीतातल्या मात्रेचा एक धागा देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला जातो. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेवाचं पद श्रीकरणाचं, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा तो प्रमुख. दिवसा दौलतीचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसानं ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यातला पाचवा अध्याय सगळा तालाचा. मात्रा म्हणजे किती, याला त्याचं उत्तर आहे: पाच लघू अक्षरं उच्चारायला लागतो तेवढा वेळ. त्याच्या कित्येक शतकं आधीच्या ‘नाट्यशास्त्रा’त हेच माप पाच निमेषांचं, म्हणजे पापणीच्या पाच उघडझापींचं आहे. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. व्याकरणात एक ऱ्हस्व अक्षर म्हणजे एक मात्रा, तर संगीतकारांच्या मात्रेत तशी पाच अक्षरं बसतात. शब्द तोच ठेवून माप पाचपट झालं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आजचा तबलजी तर अक्षरंही मोजत नाही आणि पापण्याही. दादरा सहा मात्रांचा, रूपक सात, केरवा आठ, झपताल दहा, एकताल बारा, त्रिताल सोळा. पण ती एक मात्रा केवढी, हे गायक गायला बसल्यावर ठरतं. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाहून जास्त चालतं. तोच एकताल द्रुत लयीत अडीच-तीन सेकंदांत समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, येतो. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झुमरा गायचे तेव्हा चौदा मात्रांच्या आवर्तनात नवख्या श्रोत्याला सम कधी आली आणि कधी गेली ते कळायचंही नाही. जाणकार मात्र मांडीवर बोटं मोजत असायचे. विष्णू नारायण भातखंडे यांनी बंदिशी कागदावर उतरवायची पद्धत बसवली, तेव्हा एका मात्रेत जितके स्वर येतील त्यांच्या खाली एक कंस काढला, उताण्या चंद्रकोरीसारखा. त्या कंसात दोन स्वर असोत की चार, मात्रा एकच. किती सेकंदांची, हे कंस सांगत नाही.

वैद्यांची मात्राही अशीच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नाव ‘मात्राशितीय’, आणि त्याचा विषय मापात जेवणं. आधुनिक वाचक तिथं वाटी, चमचा किंवा कॅलरीची अपेक्षा ठेवून जातो. चरक यातलं काहीच देत नाही. आहाराची मात्रा जेवणाऱ्याच्या अग्नीवर अवलंबून आहे, आणि जेवढं खाल्लेलं प्रकृती न बिघडवता वेळेत पचतं तेवढी त्याची मात्रा, असं तो सांगतो. पचायला जड पदार्थ अर्धं किंवा एक तृतीयांश पोट भरेल इतकेच घ्यावेत. तांदूळ, मूग यांच्यासारखे हलके पदार्थही मात्रा सोडून खाऊ नयेत. कुस्ती खेळणाऱ्याची मात्रा आणि कारकुनाची मात्रा वेगळी, आणि त्याच कारकुनाची पौषातली आणि आषाढातलीही वेगळी.

मराठी घरात मात्रा म्हणजे आणखी ठरावीक काही होतं: पारा, गंधक आणि धातूंची भस्मं घालून केलेलं, फार थोड्या प्रमाणात द्यायचं औषध. त्यातली सर्वांत धाक असलेली हेमगर्भाची मात्रा. तिच्यात सोनं असतं, आणि ती कापडाच्या पोटलीत बांधून तापलेल्या पातळ गंधकात शिजवतात. माणूस अगदी अखेरीला आला, हातपाय गार पडले, की ती सहाणेवर आल्याच्या रसात किंवा मधात उगाळून जिभेला लावायची. पारा आणि तांबं घातलेली ही वस्तू वैद्याच्या हातातच बरी, हे वेगळं सांगायला नको. तिचं प्रमाण मोजायला तराजू नव्हता. बाळगुटीसारखंच सहाणेवर किती वेढे उगाळलं त्यावरून ठरायचं. कडू वेखंडाचा एक वेढा, बाळ मोठं झालं की दोन. ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ आणि ‘ही मात्रा बरोबर लागू पडली’ हे वाक्प्रचार याच सहाणेवरून बोलण्यात आले. आता ते ऑफिसातल्या साहेबाबद्दल आणि हट्टी पोराबद्दल बोलताना वापरले जातात.

१ ऑक्टोबर १९५८पासून देशात मेट्रिक वजनं यायला लागली आणि १९६२पर्यंत जुन्या वजनांचा व्यवहार कायद्यानं बंद झाला. चिपटं, मापटं, शेर, पायली, मण, खंडी ही सगळी मंडळी एकेक करून दुकानांतून गेली. खेड्यांत पायली बरीच वर्षं रेंगाळली. सोनाराच्या पेढीवर तोळा अजून ऐकू येतो, पण त्याचं वजन बदललंय: पूर्वीचा तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, आजचा बोलीतला तोळा सरळ दहा ग्रॅमचा. या सगळ्यांचं दुबळेपण एकच, त्यांनी आपला आकडा जाहीर केलेला होता. किलो आला तेव्हा शेराला त्याच्याशी सामना करावा लागला आणि तो हरला. मात्रेनं कधी आकडा जाहीर केलाच नव्हता. त्यामुळे १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा ‘डोस’ला मराठी शब्द शोधणाऱ्या वृत्तपत्रांना फार लांब जावं लागलं नाही. पहिली मात्रा, दुसरी मात्रा, वर्धक मात्रा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्या. हेमगर्भाची मात्रा उगाळणाऱ्या आजीला हा मथळा समजावून सांगावा लागला नसता.

राहिली ती डोक्यावरची मात्रा. पहिलीतलं मूल ‘क ला एक मात्रा के, क ला दोन मात्रा कै’ असं घोकतं, आणि मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ अशी त्याची पक्की समजूत होते. हिंदीत तसं नाही. तिथं काना, वेलांटी, उकार या सगळ्याच मात्रा. आ ची मात्रा, इ ची मात्रा असं म्हणतात. व्यंजनाला स्वर चिकटला की त्याला लांबी मिळते, म्हणून स्वराच्या प्रत्येक खुणेला मात्रा म्हणणं हा जुना, रुंद अर्थ झाला. मराठीनं कानाला आणि वेलांटीला वेगळी नावं दिली आणि मात्रा एकाच रेघेपुरती ठेवली. बंगालीत आणखी निराळं: तिथं मात्रा म्हणजे अक्षराच्या माथ्यावरची आडवी शिरोरेघ, आणि मुलं पूर्ण मात्रेची, अर्ध्या मात्रेची आणि बिनमात्रेची अक्षरं वेगवेगळी शिकतात. मराठी, हिंदी आणि बंगाली शिक्षक एका वर्गात बसले आणि ‘मात्रा काढा’ म्हणाले, तर फळ्यावर तीन वेगळ्या गोष्टी उमटतील.

आपली ही तिरपी रेघही पूर्वी डोक्यावरच असायची असं नाही. जुन्या नागरी हस्तलिखितांत, विशेषतः जैन पोथ्यांत, ए ची मात्रा व्यंजनाच्या आधी उभी काढत. तिला पृष्ठमात्रा किंवा पडिमात्रा म्हणतात. दिसायला ती थेट काना. ‘नरेश’ या पद्धतीनं लिहिला तर तो ‘नारश’ दिसतो, आणि पोथी वाचणारा नवखा अभ्यासक तिथं हमखास अडखळतो. २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत या पृष्ठमात्रेला स्वतंत्र जागा मिळाली, त्यामुळे आता ती संगणकावरही लिहिता येते.

काना-मात्रांवर मराठी मुलांचं एक जुनं कोडं आहे: काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही, असा महाराष्ट्रातला जिल्हा कोणता? उत्तर एकच होतं, अहमदनगर. २०२४ साली त्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नव्या नावात एक वेलांटी आणि एक काना आहे, आणि कोड्याला आता उत्तर उरलेलं नाही.